मोडीत घातलेली नावं

बाई,

आपलं ठरलेलं होतं. मी आधी जायची.

हे काही आपण समोरासमोर बसून ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. माझ्या रक्ताचा कागद आला त्या दिवशी तुम्ही तो घडी करून तुमच्या पेटीत ठेवलात आणि म्हणालात, "किती दिवस ते कुणालाच ठाऊक नसतं गया. असतील तितके दिवस भाकरी थाप." त्यानंतर आपण दोघी तसंच धरून चाललो. थंडीत मला ताप भरला की तुम्ही उशाशी येऊन बसायचात. मी डोळे मिटून मनात म्हणायची, आता झालं, पण बाई आहेत, पोरांचं बघतील. मला मरणाची भीती वाटायची, पोरांची काळजी वाटायची नाही. तेवढी एक गोष्ट मी तुमच्यावर टाकून मोकळी झाले होते.

आणि तुम्ही वैशाखात भर उन्हातून घरी आलात, चप्पल काढता काढता उंबऱ्याशी खाली बसलात, त्या पुन्हा उठलाच नाहीत.

दवाखान्यात तुम्हाला बाकावर भिंतीला टेकवून बसवलं होतं. सिस्टरनं आपल्या दोघींकडं बघितलं आणि मलाच खाटेवर आडवं व्हायला सांगितलं. तुम्ही भरलेल्या अंगाच्या, मी काडी. पेशंट मीच, असं तिला वाटलं. मी तोंड उघडेपर्यंत तिनं माझा दंड धरून मला बसवलंही होतं. तुमचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, वाचा गेली होती. पण डोळे हसले. मी बघितलं ते. तीन दिवसांनी ते डोळेही मिटले.

आज एकवीस दिवस झाले. दुपारची जेवणं होऊन पोरं फरशीवर आडवी झालीत. गारखेड्यातलं आपलं हे दोन खोल्यांचं घर या वेळेला पत्र्यामुळं नुसतं भाजतं. मी चुलीच्या खोलीत बसून तुमच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. कुणाला दाखवायचं नाही. मला बोलता येत नाही म्हणून लिहायचं, ही सवय तुम्हीच लावलेली.

देवगाव रंगारीची शाळा आठवते ना? बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचा, म्हणून मला आजोळी ठेवलेलं. मी दाराजवळ बसायची, कुणी काही विचारलं की पळून जाता यावं म्हणून. एकदा तुम्ही मला उभं करून सातचा पाढा विचारलात. मला येत होता. पण तोंडातून शब्द निघेना. पोरी हसायला लागल्या. एक म्हणाली, "बाई, तिला मेंढरांची भाषा येते, माणसांची नाय येत." तुम्ही उठून माझ्याजवळ आलात. माझ्या हातात पाटी दिलीत. "बोलू नको. लिही." मी लिहिला. मग तुम्ही ती पाटी वर धरलीत आणि वर्गाला म्हणालात, "ऐका रे, गया सांगतेय." आणि माझा पाढा तुम्ही मोठ्यानं वाचलात, सत्तरपर्यंत.

पुढं चौथीनंतर शाळा सुटली आणि चौदाव्या वर्षी लग्न झालं. वाळूजला तेव्हा कारखान्यावर कारखाना उठत होता. आमच्यातली पोरं मेंढरं विकून तिकडं पळायला लागली. यांनीही कळप विकला आणि ट्रकवर गेले, आधी किन्नर, म्हणजे गाडी धुणारा पोऱ्या म्हणून, मग ड्रायव्हर. कारखान्याचा माल घेऊन दूरदूर जायचे. येताना नवी साडी आणायचे, एकदा भिंतीवरचं घड्याळ आणलं. आम्हाला वाटलं, दिवस पालटले. मग ते वाळायला लागले. आधी ते गेले. पोटचं एक होतं, ते सहा महिन्यांचं होऊन गेलं. डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगितलं आणि ते नाव माझ्या आधी गावात पोचलं.

सासूनं माझं ताट आणि लग्नातला तांब्या उकिरड्यावर टाकला. मला गोठ्यात झोपायला सांगितलं. तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे. एका सकाळी तुम्ही एसटीनं आलात, छत्री हातात, आणि सरळ उकिरड्याकडं गेलात. तांब्या उचललात, राखेनं घासलात, हापशावर भरलात आणि सगळ्या बायांसमोर उभ्यानं गटागटा प्यायलात. पदरानं तोंड पुसून सासूला म्हणालात, "गोड हाये तुमच्या गावचं पाणी."

सासू म्हणाली, "बाई, तुमच्या पाया पडते, हिला घेऊन जावा. भांडं बी घेऊन जावा. आमच्या दारात नको."

"दोन्ही नेते," तुम्ही म्हणालात. "आधी भांडं."

मला तेव्हा कळलं नाही, आधी भांडं कशापायी. ते पुढं कळलं. तुमच्या स्वतःच्या घरी तुमचं ताट बाजूला काढलं होतं. नामांतरावरून खेड्यापाड्यांत घरं जळाली, तेव्हा तुम्ही दोन बौद्ध बायांना त्यांच्या लेकरांसकट शाळेच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावलंत आणि किल्ली पदराला बांधून दिवसभर दारात गहू निवडत बसलात. तुमचे भाऊ मोठे जमीनदार. त्यांनी निरोप धाडला की आता या घरात तुझं ताट मांडायचं नाही. तुम्ही लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं दुसरं घरही नव्हतं. हे तुम्ही मला सांगितलंत ते भाकरी मोडता मोडता, काल काय भाजी केली ते सांगावं तसं.

मग माझ्यासारख्यांची पोरं यायला लागली. आई-बाप दोघंही त्याच दुखण्यानं गेलेली, चुलत्यानं जमीन ठेवलेली, पोर दारात उभं. तुम्ही पोर आणायला जायचात तेव्हा जमीन मागितली नाहीत, पैसा मागितला नाहीत. एकच मागायचात, त्याच्या आईच्या नावाचं एक भांडं. आपल्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव ठोकलेलं असतंच. घरचे खुशीनं द्यायचे, कारण त्यांना ते हात लावायला नकोच असायचं. कुणाचं पितळी ताट, कुणाचा तांब्या, कुणाची जर्मनची वाटी. एकसारखं एक नाही.

आणि त्या भांड्यांवर तुम्ही पोरांना शिकवायचात. पुस्तक नंतर, पाटी नंतर. आधी आईच्या भांड्यावरच्या नावावरून बोट फिरवायचं. ठोकून काढलेली टिंबंटिंबांची अक्षरं, डोळे मिटून सुद्धा हाताला लागायची. आठवड्याला एक अक्षर. पोराला पहिला शब्द वाचता येईल तो आईचं नाव, हा तुमचा नेम. शाळेत घालताना तुम्ही गुरुजींना सांगायचात, "याला वाचता येतं. एकच शब्द येतो, पण पक्का येतो."

आता ते लिहिते, जे आपण पुन्हा कधी बोललो नाही.

तुम्ही अकरावं पोर आणायला दोन दिवस गावाला गेला होतात. त्याच आठवड्यात अनुदानाच्या कामाच्या मॅडम येणार होत्या. मागच्या वेळी त्या नाक मुरडून म्हणाल्या होत्या, "ही काय भंगारातली भांडी? मुलांना सारखी ताटं तरी द्या." ते माझ्या मनाला लागलं होतं. मी दहाही भांडी पोत्यात भरली, रिक्षा केली, औरंगपुऱ्यात गेले आणि मोडीत घातली. बदल्यात स्टीलची ताटं आणली, एकसारखी, आरशासारखी. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला न विचारता काही केलं होतं. दुकानदाराशी चार शब्द बोललेसुद्धा. घरी येऊन ताटं मांडणीवर लावली आणि तुमची वाट बघत बसले. तुम्ही शाबासकी द्याल, असं वाटत होतं.

तुम्ही पोराला कडेवर घेऊन आलात. एका हातात त्याच्या आईची पितळी वाटी. ती मांडणीवर ठेवायला गेलात आणि तिथंच थांबलात.

"बाकीची कुठायत?"

मी सांगितलं. तुम्ही पोराला खाली ठेवलंत. माझ्यावर तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही नाही चढवला.

"एका नावापायी लोकांची घरं जळाली, गया. सोळा-सतरा वर्षं माणसं भांडली, तेव्हा कुठं विद्यापीठाच्या कमानीवर ते नाव लागलं. आन् तू एका दुपारी दहा नावं मोडीत घालून आलीस?"

मग तुमची नजर खालच्या फळीवर गेली. तिथं माझा तांब्या होता.

"तुझा कसा राह्यला?"

मी नवी ताटं उगाचच सरळ करत राहिले. तुम्हीही थांबला नाहीत, चप्पल घालून निघालात.

तासाभरात आपण दोघी त्या दुकानाच्या मागच्या गोदामात मोडीच्या ढिगात बसलो होतो. तुम्ही साडी खोचून ढिगावर चढला होतात. शेठ म्हणाला, "बाई, मोडीत आलेलं भांडं परत मागणारं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नव्हतं."

"मग आता बघून घ्या नीट," तुम्ही म्हणालात. "आन् ते तिकडचं पातेलं सरकवा."

तिथला म्हातारा हमाल आपल्याबरोबर शोधत होता. तोच शेवटी म्हणाला, "अम्मा, कल शाम को एक गाडी भट्टी के वास्ते निकल गई. अब जो है सो यहीच है." सात सापडली. तीन गेली. त्यातल्या दोघा पोरांनी पुढं स्टीलच्या ताटात जेवायला सुरुवात केली. ती विसरली, किंवा तसं दाखवतात.

तिसरं भांडं म्हणजे मंदाच्या आईचा तांब्या. कमळाबाई. मंदा तेव्हा सहा वर्षांची होती आणि दोनच अक्षरं शिकून झाली होती. मी तुम्हाला म्हटलं, तसाच तांब्या आणू, तसंच नाव ठोकून घेऊ, तिला काय कळतंय. तुम्ही म्हणालात, "तिला कळंल. आन् नाय कळलं तरी मला ठाऊक राहील." तुम्ही तिला समोर बसवून खरं सांगितलंत. काकीच्या हातून चुकलं, आईचा तांब्या गेला, आता मिळणार नाही. यावरून आपण किती भांडलो! मी कधी नव्हे ती बोलले तुम्हाला, एवढ्याशा जिवाला खरं सांगून काय मिळालं म्हणून. तुम्ही म्हणालात, आधीच या पोरांना सगळी खोटं सांगतात, आई गावाला गेली म्हणतात, आपण तरी नको. मला तुमचं अजूनही पटलेलं नाही. अजूनही भांडायचंय मला. कुणाशी भांडू?

मंदानं त्या दिवसापासून कुठल्याच भांड्याला तोंड लावलं नाही. भाकरी हातावर घेते, पाणी ओंजळीनं पिते. मी माझा तांब्या तिला देऊ केला, तर म्हणाली, "त्याच्यावर तुमचं नाव हाये." तीन वर्षं झाली. रोज चार-पाच वेळा ती ओंजळ पुढं करते आणि मी माझ्या तांब्यानं ओतते. शाळेत नळाखाली पिते. तुम्ही म्हणायचात, "राहू दे. तिचा राग हाये तोवर तिची आई हाये."

तुझा कसा राह्यला, असं तुम्ही विचारलं होतंत. उत्तर तेव्हाही माझ्याजवळ होतं. आज लिहिते.

मॅडमची लाज वाटली म्हणून मी भांडी मोडीत नाही घातली, बाई. मॅडम हे निमित्त. रोज सकाळी राख घेऊन बसले की एकेक नाव बोटाखाली यायचं. कमळाबाई, रुक्मिण, जनाबाई. सगळ्या माझ्या वयाच्या. सगळ्या माझ्याच दुखण्यानं गेलेल्या. दहा झाली की अकरावा माझा तांब्या हातात यायचा आणि रोज वाटायचं, ही रांग माझ्यापाशी येऊन थांबलीय. मला त्या बाया घरात नको होत्या. त्यांची पोरं हवी होती, त्यांची तोंडं धुवावी, वेण्या घालाव्या, कुशीत घ्यावं असं वाटायचं, पण त्या नको होत्या. माझा तांब्या मागं ठेवला, कारण त्यावरचं नाव अजून जितं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा भीती न वाटता भांडी घासली. एकच दिवस.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी तीन वर्षं विचार केला. भांडी तुम्हीच घासायला लागला असता. म्हणूनही नाही सांगितलं.

त्या दिवसापासून मी स्वतःच्या मनानं काही करायचं सोडून दिलं. मी चूल सांभाळायची, तुम्ही जग. रेशनचं ऑफिस, दवाखाना, शाळा, देणगीवाले, सगळीकडं तुम्ही. निघताना तांब्याभर पाणी प्यायचात, पदर खांद्यावरून ओढून घ्यायचात आणि मला म्हणायचात, "चल गं बरोबर." मी तुमच्या मागं उभी राहायची. मागच्या जूनमध्ये हेडमास्तरांकडं गेलो होतो ते आठवतं. पोरं कुठल्या घरातली आहेत ते शाळेत फुटलं होतं. ते म्हणाले, "बाई, माझं काही नाही हो. पालक ऐकत नाहीत."

"पालक तर मी हाये," तुम्ही म्हणालात. "अकरा पोरांची. माझ्याएवढी मोठी पालक तुमच्या शाळेत दुसरी नसंल. आन् मी ऐकतेय की तुमचं. बोला."

हेडमास्तर हसले. पोरं शाळेत राहिली.

बाहेर आल्यावर तुम्ही मला विचारलं होतंत, "मी नसले तर काय करशील?" मी म्हटलं, "मी कुठं असणार तवा?" तुम्ही रस्त्यातच थांबलात. "ते सोड. बोलायला शीक. दर वेळी लिहून भागणार नाय." मी म्हटलं, "माझ्यानं नाय व्हायचं." तुम्ही म्हणालात, "मग पोरांचं बी नाय व्हायचं." दोघी रागानं पुढं-मागं चालत घरी आलो. ते भांडण तिथंच राहिलं आहे.

तुम्ही गेल्यावर पेटी उघडली. पोरांसाठी काढलेल्या आपल्या संस्थेचा कागद निघाला. अध्यक्ष म्हणून तुमचं नाव, आणि सचिव म्हणून माझं. सही माझीच. सहीवर पिठाचा डाग. मग आठवलं, मी पीठ मळत होते, तुम्ही कागद पुढं केलात आणि म्हणालात, "वाच आन् मग सही कर." मी म्हटलं, "तुम्ही वाचलंय ना?" आणि पिठाच्या हातानं सही केली. तुम्ही काही लपवलं नव्हतं. मीच वाचलं नव्हतं. कागदावर आणखी पाच नावं आहेत, तुमच्या ओळखीच्या मास्तरांची. त्यातले दोघे शहर सोडून गेलेत. उरलेल्यांकडं मी, आता तुम्ही पोरांचं बघा, अशी चिठ्ठी घेऊन गेले होते. ते म्हणाले, बाई होत्या तोवर ठीक होतं, आता घरचे नको म्हणतात.

दहाव्या दिवशी तुमचे थोरले भाऊ आले. आत आले नाहीत, ओट्यावर बसले. खूप म्हातारे झालेत. मी पाणी नेलं. तांब्याकडं बघितलं, हातात घेतला, पण प्यायले नाहीत, तसाच धरून बसले. जाताना एवढंच म्हणाले, "तिचं ताट अजून माळ्यावर हाये. आईनं ठेवलं होतं. टाकू दिलं नाय." द्या आणून, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते, बाई. ते गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी ते शब्द जुळवत होते. मग ते रिक्षात बसले.

आणि परवा शाळा उघडतेय. हेडमास्तरांचा निरोप आला की बाई नाहीत, तर आता या मुलांची जबाबदारी कोण घेणार ते संस्थेच्या सचिवांनी येऊन सांगावं. म्हणून आज सकाळी मी गेले. काल बसून सगळं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. पोरं किती हुशार आहेत, कुणाला काही बाधा नाही, मागच्या वर्षीचे गुण, सगळं. अकरा ते एक बाकावर बसले. शेवटी ते स्वतःच बाहेर आले आणि विचारलं, "तुम्ही कोण?" मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या सगळा वाचला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. "स्वयंपाकाच्या मावशी ना तुम्ही? बाईंबरोबर यायच्या. असं करा, सचिवांना पाठवा. उद्या अकरा वाजता पालकांची बैठक आहे. त्यांच्यासमोर कुणीतरी उभं राहून बोललं पाहिजे, मावशी. नाहीतर माझ्या हातात काही नाही. नावं कमी करावी लागतील."

ते वाईट माणूस नाहीत. माझ्याकडं बघून थांबले सुद्धा, मी काही बोलते का म्हणून. मीच सचिव. एवढंच म्हणायचं होतं. तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. त्यांनी कागद घडी करून परत दिला. मी तो घेऊन घरी आले.

दवाखान्यातली शेवटची दुपार राहून राहून डोळ्यांपुढं येते. तुम्ही माझा हात धरून काहीतरी सांगत होतात, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दोनदा, तीनदा. मला कळेना. मग मी म्हटलं, "बोलू नका. लिहा." पोराच्या दप्तरातली पेन्सिल आणली होती, ती तुमच्या डाव्या हातात दिली, खाली वही धरली. तुम्ही पेन्सिल टेकवलीत आणि एक रेघ ओढली. वाकडी, बोटभर. मग पेन्सिल गळाली. ती रेघ याच वहीत आहे, तीन पानं मागं. मी ती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली. मंदाला दाखवली. ती म्हणाली, "हे अक्षर नाय काकी. ही नुसती रेघ हाये." तिला माझ्यापेक्षा जास्त वाचता येतं. ती म्हणते तर नुसती रेघच असेल.

मघाशी लिहायला बसण्याआधी मी मांडणीकडं तोंड करून म्हणून बघत होते. "मीच सचिव. मीच पालक." तीनदा म्हटलं. चौथ्यांदा मागं वळले तर मंदा दारात उभी होती, पाणी प्यायला आलेली.

"कुणाला बोलताय?"

"कुणाला नाय."

"उद्या शाळेत बोलायचंय व्हय?"

"व्हय."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुमच्यानं नाय व्हायचं, काकी."

"नाय व्हायचं," मी म्हटलं.

"मग आम्ही कुठं जायचं?"

तिनं रागानं नव्हतं विचारलं. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती, रस्ता विचारावा तसं. मी तांब्याकडं वळले. तिनं ओंजळ पुढं केली. मी तांब्यानं ओतलं. हात असा कापत होता की अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. तिनं उरलेलं पिऊन घेतलं, ओले हात फ्रॉकला पुसले आणि बाकीच्यांजवळ जाऊन झोपली.

म्हणून लिहायला बसले. मीच सचिव. मीच पालक. हे बघा, लिहिताना हात कापत नाही. अक्षर सरळ येतं, एकही खाडाखोड नाही, सातचा पाढा आला होता तसं. उद्या अकरा वाजता मी जाणार आहे, कालचा तो कागद घेऊनच जाणार आहे. निघताना तांब्याभर पाणी पिईन. पदर खांद्यावरून ओढून घेईन, तुम्ही घ्यायचात तसा. पालकांच्या समोर जाऊन उभी राहीन. इथपर्यंत मला जमेल.

त्यापुढं तिथं "ऐका रे, गया सांगतेय" म्हणायला कुणी नाही.